वर धपाटे, खाली कॅमेरा

कॅमेऱ्याच्या सॅकची जाहिरात कुठलीही काढा, तिच्यातला माणूस एकटाच असतो. कड्यावर उभा, समोर धुकं, पाठीवर नवीकोरी सॅक, नजर लांब कुठेतरी. त्याच्या बाजूला 'मला शू आली' म्हणणारं लेकरू नसतं. दर दहा पायऱ्यांना टेकणारी सासू नसते. तो जेवतो कधी आणि त्याचा डबा कुणी धरलाय, हेही कळायला मार्ग नसतो. मला तरी हा माणूस आमच्या जालना रोडवर अजून भेटलेला नाही.

आमचं करमाड शहरापासून वीसेक किलोमीटरवर, शेंद्र्याच्या एमआयडीसीच्या पुढे. एकीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं, दुसरीकडे मोसंबीच्या बागा, मधून मनमाडकडून जालन्याकडे जाणारा रूळ. इथून सहल निघते ती सगळ्यांची सुट्टी जुळली तरच, आणि निघते ती सगळे मिळून. अजिंठा, वेरूळ, देवगिरी, पैठणचं धरण, लोणार. यातलं काहीही धरलं तरी पहाटे निघून रात्री घरी येता येतं. त्यामुळे हॉटेलात सामान टाकून हात हलवत फिरण्याचा प्रश्नच नाही. दिवसभरात जे जे लागणार ते सगळं अंगावर. सकाळी सहाला भरलेली सॅक रात्री नऊलाच खाली ठेवायची.

घरात कॅमेरा माझा आहे. हे सांगावं लागतं, कारण सॅक घ्यायला पैठणगेटच्या बाजूला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराने सगळी माहिती ह्यांच्याकडे तोंड करून सांगितली. "सर, यात तुमच्या दोन बॉडी आणि पाच लेन्स आरामात बसतील." सर शेंद्र्यात शिफ्ट करतात आणि मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओसुद्धा उभा काढतात. ते आपले मान डोलावत राहिले. मी विचारलं, "यात सहा माणसांचा डबा बसेल का?" पोरगं जरा अडखळलं. "मॅडम, ही कॅमेऱ्याची बॅग आहे."

त्याचं बरोबर होतं, आणि अडचणही तीच होती. दोन-अडीच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत ज्या सॅक त्याने काढून दाखवल्या, त्या बहुतेक आतून वरपासून खालपर्यंत फोमने मढवलेल्या. वेल्क्रोने हलवता येणारे कप्पे, प्रत्येक लेन्सला स्वतंत्र खोली. सामान सुरक्षित राहतं यात शंका नाही. पण अशी सॅक रिकामीच दीड-दोन किलोची भरते. म्हणजे अजून एक धपाटं आत गेलेलं नाही आणि खांद्यावर दोन किलो चढले. शिवाय कप्पे आहेत म्हटल्यावर ते भरावेसे वाटतात. पाच लेन्सच्या जागेत एक लेन्स ठेवून गप्प बसणारा हौशी फोटोग्राफर मी तरी पाहिला नाही. सॅक आपल्याला लागणाऱ्या सामानाच्या मापाची घ्यावी, की सॅकच्या मापाने सामान वाढवावं? बहुतेकांच्या घरी दुसरं घडतं आणि त्याला छंद म्हणतात.

या पिशव्या कुणी कुणासाठी शिवल्या तेही बघण्यासारखं आहे. आज कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये ज्याचं नाव सहज घेतलं जातं तो लोप्रो ब्रँड अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९६७ साली सुरू झाला. तो काढणारा ग्रेग लो हा गिर्यारोहक. त्याच देशात सत्तरच्या दशकात जिम डॉमकी नावाच्या फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्री फोटोग्राफरने स्वतःच्या रोजच्या कामासाठी मऊ कॅनव्हासची खांद्याची पिशवी बनवली, आणि मग जगभरचे बातमीदार तीच वापरू लागले. एक पिशवी कडा चढणाऱ्याची, दुसरी बातमीमागे पळणाऱ्याची. दोघेही आपापल्या कामात तरबेज. पण दुपारी बाराला झाडाखाली चादर अंथरून सहा जणांना वाढायचंय आणि त्याआधी कोवळ्या उन्हात दोन फोटोही काढायचेत, अशा बाईने शिवलेली सॅक माझ्या पाहण्यात नाही.

तशी ती असती तर छातीवरचा तो आडवा पट्टा नक्कीच वेगळा झाला असता. खांद्याचे पट्टे घसरू नयेत म्हणून तो असतो. पुरुषाच्या शर्टावर छान बसतो. साडीवर तो पदराला धरून ठेवतो, ओढणीवर लावला तर मान वळेनाशी होते, आणि कुठे लावायचा हे दुकानात पाच माणसांसमोर बघणं म्हणजे वैतागच. कमरेचा पट्टा मात्र खरा कामाचा. वजन खांद्यावरून उतरून कमरेच्या हाडावर येतं आणि संध्याकाळी मान दुखत नाही. पण तोही उंच माणसाच्या पाठीच्या मापाने लावलेला असला तर आमच्यासारखीच्या मांडीवर येऊन आपटतो. म्हणून पाठीची लांबी बघायची. सॅकचे लिटर सगळे विचारतात, पाठीची लांबी कुणी विचारत नाही.

शेवटी घेतली ती वीस लिटरच्या आसपासची, अर्धी-अर्धी. खालच्या भागात फोमचा एकच मोठा कप्पा, वरचा भाग साधा मोकळा. कॅमेऱ्याचा कप्पा पाठीच्या बाजूने उघडतो, म्हणजे सॅक पाठीवर असेपर्यंत त्याला कुणी हात लावू शकत नाही; जत्रेत, बसस्टँडवर हे महत्त्वाचं. बाटलीची जागा बाहेर. पावसाचं कव्हर तळाच्या खिशात. रंग मळखाऊ, आणि वर कुठल्याही कॅमेऱ्याचं नाव नाही. ती बघून आत काय आहे ते कळत नाही, आणि प्रवासात तेच बरं. वर धपाटे, खाली कॅमेरा. कोरडी चटणी चालते, शेंगदाण्याची किंवा तिळाची. लोणच्याला मात्र या सॅकमध्ये कायमची बंदी आहे. त्याची बरणी कुणीही कितीही शपथेवर घट्ट लावलेली असो.

आता अजिंठ्याला चला. करमाडहून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत घाट उतरलो की फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडायची. तिथून चार किलोमीटर एसटीच्या बसने. मग पायऱ्या. सॅकची खरी परीक्षा पायऱ्यांवर होत नाही, ती लेण्याच्या दाराशी होते. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात. पाठीवर भरलेली सॅक घेऊन बुटाची नाडी सोडायला वाकलं की सगळं वजन डोक्याकडे येतं. म्हणून सॅक अशी हवी की काढून ठेवली तर उभी राहील, कलंडणार नाही. आत अंधार आणि गर्दी. पाठीवर फुगलेली सॅक घेऊन माणूस फोटोसाठी मागे सरकतो, आणि मागे दीड हजार वर्षांपूर्वीची भिंत असते. आत गेल्यावर सॅक पोटाशी घ्यावी. अंगाला चिकटून राहणारी असेल तरच ते जमतं.

फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपल्या कॅमेऱ्यात यायचा तर हात स्थिर हवेत आणि उजेड जास्त ओढणारी लेन्स हवी. ही लेन्स महाग नसते आणि मोठीही नसते. पन्नास मिलिमीटरची, एफ एक पूर्णांक आठची साधी लेन्स दोनशे ग्रॅमच्याही आत भरते. लांबचं जवळ आणणारी जी जाडजूड लेन्स सॅक घेताना डोळ्यासमोर असते, ती लेण्यात कुचकामी. ती पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात पक्षी बघायला कामाची. तेव्हा दुसरं सगळं घरी ठेवायचं. एका सहलीला एक लेन्स कॅमेऱ्यावर आणि एक सॅकमध्ये, याच्या पुढे मी जात नाही. तिसरी लेन्स नेली तर ती वाहून आणण्यापुरतीच नेली जाते.

अजिंठ्याला गेलं की मला रॉबर्ट गिल आठवतो. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ साली इथल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि उरलेलं आयुष्य त्यातच गेलं. त्याची अजिंठ्याची गोष्ट ना. धों. महानोरांच्या काव्यामुळे आणि नंतरच्या चित्रपटामुळे घराघरात गेली, पण तिच्यात लोकांना आठवते ती त्याची प्रेयसी पारो. गिल फोटोग्राफरही होता हे कमी जणांना ठाऊक असतं. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं १८६४ साली निघाली. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे काचेवर द्रावण पसरायचं, काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओली आहे तोवरच ती अंधारात धुवायची. अंधारी खोली फोटोग्राफरबरोबर फिरायची, तंबूच्या रूपात. पेटीएवढा कॅमेरा, तिकाटणं, काचांच्या चळती, रसायनांच्या बाटल्या, धुवायला पाणी. मराठवाड्याच्या उन्हात ती काच किती लवकर सुकत असेल याचा विचार करूनच घाम फुटतो.

हे सगळं ओझं गिलच्या पाठीवर नव्हतं. ते वाघूरच्या खोऱ्यातल्या माणसांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर असणार. गिलचं नाव राहिलं. त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या तरी राहिलं. तो १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. काचा न फोडता वर नेणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. हौस एकाची आणि ओझं दुसऱ्याचं, ही फोटोग्राफीची पहिल्या दिवसापासूनची रीत दिसते. ती फक्त साहेबाची होती असंही नाही. बॉम्बेची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली, तिच्यात भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजींसारखे आपले लोकही होते. तेही काचेच्या पेट्या स्वतः वाहत असतील असं वाटत नाही.

आपल्या घरात ही रीत कशी चालते ते सहलीच्या बसमध्ये बघा. कॅमेरा गळ्यात घालून बाप पुढे. आईच्या एका खांद्याला डब्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्याला पर्स, काखेत लेकराचं स्वेटर आणि हातात लेकरू. "थांब, हसा सगळे." सगळे हसतात. फोटोत आईच्या खांद्यावरच्या पिशव्या दिसू नयेत म्हणून तिला त्या खाली ठेवायला सांगतात. आमच्याकडे कॅमेरा माझ्याकडे आल्यावर फरक एवढाच पडला की गळ्यातलं आणि खांद्यावरचं दोन्ही माझंच झालं, आणि फोटोत मी नाहीच.

पहिल्यांदा ती नवी सॅक उचलून बघितली ती आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. "आगं माय, धोंडे भरलेस का काय यात?" त्यांनी बाकी काही न बोलता वरची चेन उघडली आणि पाण्याच्या दोन बाटल्या काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सहा माणसांना उन्हाळ्यात निदान सहा लिटर लागतं. कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून जेमतेम सव्वा किलो होत होते. सॅक जड होती ती पाण्याने. कॅमेऱ्याच्या सॅकवर एवढी चर्चा होते, पण घरच्या सहलीत पाणी कोण नेणार हे ठरलं की अर्धं काम होतं.

शाळेच्या दप्तरासाठी सरकारने नियम केलाय. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं आहे. महाराष्ट्राने तर हे आधीच सांगितलं होतं. आई-बापाच्या पाठीला असा नियम नाही. मी तोच लावते. पंचावन्न किलोच्या बाईला साडेपाच किलो, सॅकच्या वजनासकट. धान्य मोजायचा काटा बहुतेक घरी असतो, त्यावर सॅक लटकवायला काय जातं? विमानाने जायचं असेल तर तसंही सात किलोच्या आत बसवावं लागतं, आणि कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्याच सामानात ठेवाव्या लागतात. करमाडहून रोज कोण विमानाने जातंय म्हणा.

वजन वाटून घ्यायची अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर आषाढीला निघणारे म्हातारे वारकरी बघा. खांद्यावर पडशी असते, एक तोंड पुढे, एक मागे. दोन्हीकडे सारखं वजन, मधे खांदा, हात टाळाला मोकळे. आत एक जोड कपडे, पोथी, थोडा शिधा. कमरेचा पट्टा नाही, फोम नाही, आणि पंढरपूरपर्यंत ती जाते. तिच्यात मावेल तेवढंच घ्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. मोठी सॅक घेतली की नेमकं हेच ठरत नाही.

करमाडचं नाव बाहेर सांगितलं की अजूनही कुणीतरी विचारतं, "ते रेल्वेचं करमाड का?" आठ मे २०२०. जालन्याच्या कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळारुळाने भुसावळकडे चालत निघाले होते, तिथून गावाकडे गाडी मिळेल म्हणून. रात्रभर चालून दमले आणि बदनापूर-करमाडच्या मधे, सटाण्याच्या शिवारात, रुळावरच टेकले. लॉकडाउनमध्ये गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं असणार. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत जे फोटो आले त्यांत चेहरे नव्हते. रूळ होते, चपला, कपडे आणि पसरलेल्या रोट्या. एवढ्या लांब चालत जायचं तर माणूस पाठीवर काय घेतो, ते त्या फोटोत होतं. मी तेव्हा कॅमेरा घेऊन तिकडे गेले नाही, नंतरही नाही. सहलीच्या गप्पांत कुणी विचारलं तर हो म्हणते आणि गाव कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगते. प्रवास हौसेनेच होतो असं मात्र त्यानंतर मला वाटत नाही, आणि सॅकच्या जाहिरातीतला तो कड्यावरचा माणूस आणखीच परका वाटतो.

एसटीचं सांगायचं राहिलं. आम्हा बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्याबाईंना फुकट, त्यामुळे आमची सहल बऱ्याचदा लालपरीनेच होते. सीटखाली सॅक ठेवू नका. तिथे धूळ असते, आणि कुणाच्या तरी डब्यातलं तेल वाहत आलेलं असतं. वरच्या फळीवर तर अजिबात नको, खड्ड्यागणिक आपटते आणि वळणावर खाली येते. मांडीवर घ्यायची. मांडीवर घेता येईल एवढीच सॅक असावी, हे माप कुठल्याही लिटरपेक्षा खरं. आपल्याकडे कोकणासारखी लेन्सला बुरशी चटकन धरत नाही, आपला शत्रू धूळ. चालत्या बसमध्ये खिडकी उघडी ठेवून लेन्स बदलणाऱ्याला मी काही म्हणत नाही, कॅमेरा त्याचा आहे. देवगिरीच्या अंधारीत वटवाघळांच्या खालून जाताना मात्र सॅकच्या चेनी लावलेल्या असाव्यात. वेरूळला तर खास. तिथली वानरं वरच्या कप्प्याचं रहस्य ओळखून असतात.

आमच्यात आता असं चालतं. कॅमेरा, एक जादा लेन्स आणि सगळ्यांचे धपाटे माझ्या सॅकमध्ये. पाणी ह्यांच्या साध्या सॅकमध्ये, जी कंपनीने दिवाळीला दिली होती. मोठा मुलगा चादर आणि स्वतःचं स्वेटर घेतो, कुरकुरत. धाकटीकडे तिची स्वतःची बाटली. आत्याबाईंच्या गोळ्या त्यांच्याच कमरेच्या चंचीत, त्या दुसऱ्या कुणाच्या हवाली करायला तयार नाहीत. जेवण झालं की माझी सॅक अर्धी होते, मग कॅमेरा मुलाच्या हातात जातो आणि मीही एखाद्या फोटोत येते. बहुतेक वेळा डोकं कापलेली, पण येते.

तर सॅक घ्यायला जाल तेव्हा सामान बरोबर न्या. कॅमेरा न्या, जेवणाचा डबा न्या, भरलेली बाटली न्या. दुकानातच सगळं भरून घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाच्या पाठीवर चढवा आणि त्याला जिना चढून उतरायला सांगा. तीस लिटरची दाखवतील, वीसची मागा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या. आणि पहिल्यांदा अजिंठ्याला नेणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात; वेरूळची मंगळवारी.